पंधरा वाघिणींचा कागद

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

प्रांजल,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. सचिन उद्या विट्याला निघालाय, त्याच्या बॅगेत देतोय. त्याच्या समोर मात्र फाडू नकोस, तो इथं येऊन सगळ्या कॅम्पभर सांगत बसेल.

मी मे महिन्यात परत आलो त्याला पाच महिने झाले. पाच महिन्यांत तू एकदाही फोनवर आली नाहीस. तुझी आई म्हणते, अभ्यास करतीय. सकाळी फोन केला तरी अभ्यास, रविवारी केला तरी अभ्यास. गणपतीत आरती सोडून कसला अभ्यास गं? एवढ्या अभ्यासात माणूस कलेक्टर होतो.

राग कशाचा आहे ते मला कळतंय, मी काही खुळा नाही. पण माझी बाजू ऐक. तू दोन वर्षं ती कार्डं जमवलीस. चिप्सच्या पाकिटात एक निघायचं, डबल निघालं की शाळेत नेऊन बदलायचं, त्यावरनं भांडायचं, रडायचं. अशी वारणा वाघिणी या मुलींच्या क्रिकेट टीमची पंधराच्या पंधरा केलीस. मी सुट्टीला आलो तर ती तू बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली, वर नुसतं रबर. म्हटलं, एवढी मोलाची वस्तू आणि ठेवलीय कशात! आपल्या घरात जे मोलाचं आहे ते प्लॅस्टिकात आहे. रेशनकार्ड, आधार, माझं दहावीचं सर्टिफिकेट, आबांचा फोटो. आबांच्या जुन्या कागदांना वाळवी लागली तेव्हापासनं माझा सुट्या कागदावर विश्वास नाही. म्हणून तू क्लासला गेल्यावर कार्डं उचलली, स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं गेलो, पंधराही एका मोठ्या कागदावर ओळीनं लावली आणि गरम लॅमिनेशन मारून आणलं. वर स्केचपेननं तुझं नाव लिहिलं. झेरॉक्सवाला म्हणाला, "वा! फ्रेम करून लावा भिंतीवर."

आता पुण्याला आपण कार्डं घेऊन गेलो त्या नावनोंदणीच्या काउंटरवर ती सुटी लागतात हे मला काय स्वप्न पडलेलं? कार्डामागची चांदीची पट्टी त्यांच्या समोर खरवडायची, आतला नंबर दाखवायचा, तरच मुलीला एक दिवस टीमबरोबर मैदानात सरावाला सोडणार. हे तू मला आधी सांगितलंस का? सांगितलं असशील तर मी तेव्हा दुसऱ्या कशात तरी असेन. प्लॅस्टिकातनं पट्टी खरवडता येईना, त्यांनी कागद परत दिला. खलास. मी त्या काउंटरवाल्याशी चांगला अर्धा तास भांडलो, हेही जरा आठव. तुला मी काही बोललो नाही.

तर मी ठरवलंय. पंधरा कार्डं परत जमवून देतो. पुढच्या मे महिन्यात तो मैदानाचा दिवस आहेच. आपल्याकडचे चिप्स इथं कंटेनरनं येतात, पाकीट तेच, आतलं कार्ड तेच. चार जमलीत: एक, चार, अकरा, बारा. पंधरा झाली की एकदम पाठवतो. तो प्लॅस्टिकचा कागद तू बंबात घातलास का कुठं टाकलास, मला माहीत नाही.

पप्पा

ओल्ड एअरपोर्ट
शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

प्रांजल,

सचिन आला. तुझ्या आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी मिळाली, उत्तर मिळालं नाही. मी डब्याच्या तळापर्यंत हात घालून बघितलं.

तरी हिशेबाला आठ झालीत. कशी झाली ते ऐक, म्हणजे तुझा बाप इथं काय काय करतो ते कळेल.

पहिली चार झाली तेव्हा मला वाटलं, रोज एक पाकीट फोडायचं, महिन्यात काम फत्ते. पण चार नंबरच निघतोय बघ! सात वेळा चार नंबर. माझ्या खोलीतला रियाज, मिरजेचा, एसीचं काम करतो, तो चिप्स खाऊन खाऊन वैतागला. म्हणतो, "जालिंदरभाऊ, तुमच्या पोरीपायी माझं पोट बिघडलं." मग एक दिवस मी चालवतो त्या शाळेच्या बसमध्ये मागनं भांडण ऐकू आलं. आरशात बघतो तर दोन पोरी कार्डं बदलतायत. वाघिणींचीच!

माझ्या बसमध्ये नयना म्हणून एक मुलगी आहे, सहावीतली, आईबाप पुण्याचे. मराठी सगळी कळते, पण उत्तर इंग्लिशमध्येच देते. शाळेच्या फाटकात गाडी उभी असताना मी तिला विचारलं, "चार नंबर पाहिजे का? माझ्याकडं डबल आहे." तिनं माझ्याकडं असं बघितलं जणू स्टीअरिंगच बोललं. मग म्हणाली, "शो मी." तिचे नियम कडक. दोन साधी दिली की एक चकचकीत. एकदा बदललं की परत मागायचं नाही. माझे सात चार-नंबर तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी असे वाटून घेतले आणि मला चार नवी मिळाली. बसमध्ये मुलांवर लक्ष ठेवायला सितारा असते, हैदराबादची. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "ड्रायवर साब, आप भी?"

त्यात कप्तानाचं कार्ड आलं, सोनेरी काठाचं. मी डॅशबोर्डमधनं चिकटपट्टी काढली आणि कोपऱ्याला लावायला गेलो, कोपरा दुमडू नये म्हणून. नयना केवढ्यानं ओरडली! "अंकल, नो टेप! नो टेप!" सितारा धावत आली, तिला वाटलं पोरीचा हात दारात सापडला. मग त्या अकरा वर्षांच्या पोरीनं मला समजावलं. कार्डाला डिंक, टेप, प्लॅस्टिक, काहीही चिकटलं की ते डेड. मेलं. ते कुणी बदलून घेत नाही, कुठल्या स्पर्धेत चालत नाही. पंधरा एकदम चिकटवली तर काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "हू वुड डू दॅट?"

मी गाडी सुरू केली.

त्या दिवशी पुण्यात तुला माझ्या तोंडून एखादा शब्द गेला असेल. रागात माणूस बोलतो. तू लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं.

पप्पा

ओल्ड एअरपोर्ट
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

प्रांजल,

गुडघा सुजलाय, पाय बादलीवर ठेवून लिहितोय. हसू नकोस. हसलीस तर बरंच आहे म्हणा.

अल सद्दला एका सुपरमार्केटनं स्पर्धा ठेवलेली. एका हातानं दहा कॅच घ्यायचे, आठ घेतले तर पाच कार्डांचं बंद पाकीट. भाजीच्या आणि साबणाच्या मधल्या मोकळ्या जागेत. रांगेत सगळी चिल्लीपिल्ली, मधे मी एकटा चव्वेचाळीस वर्षांचा, कंपनीचा निळा शर्ट घालून. चेंडू टाकणाऱ्यानं विचारलं, "किड कुठाय?" मी म्हटलं, "मीच." सहा कॅच सरळ घेतले. सातवा सुटला, आठवा सुटला. नववा घेतला. दहावा त्यानं मुद्दाम लांब टाकला, मी झेप घेतली आणि साबणाच्या खोक्यांच्या ढिगात गेलो. आतनं हात वर केला, हातात चेंडू! लोकांनी टाळ्या वाजवल्या. रियाजनं व्हिडिओ काढलाय, तुझ्या आईच्या मोबाइलवर पाठवलाय, बघितला असशील.

पाच कार्डांत चार नवी निघाली. मग अल अझीझियात नसरुद्दीन म्हणून एकाचं छोटं दुकान आहे, बकाला म्हणतात इथं, त्यानं उंदरानं कुरतडलेल्या खोक्यातली पाकिटं टाकून द्यायच्या आधी मला बोलावलं. त्यातनं दोन. एकूण चौदा झाली. आता फक्त सात नंबर राहिलाय. कीपर. बरोबर तोच, जो तुला सगळ्यात शेवटी मिळालेला आणि ज्याच्यासाठी तू नवी कंपासपेटी देऊन आलेलीस. आईनं तेव्हा तुला धोपटलेलं, मी फोनवरनं सोडवलेलं. तेवढी एक गोष्ट तरी माझ्या नावावर जमा असू दे.

शनिवारी नयनाचा बाप म्हणाला, मॅच बघायला या. गेलो. सगळ्या मुली. हेल्मेट, पॅड, सगळं. एक सिंधी मुलगी, सुमैया, असं फिरवत होती चेंडू की मी उभाच राहिलो. कीपर छोटीशी, तुझ्याएवढी, गुडघ्यात वाकून. मी तुला खेळताना कधी बघितलंच नाही, हे मला तिथं उभं असताना ध्यानात आलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पप्पा

ओल्ड एअरपोर्ट
शुक्रवार, १४ मार्च २०२५

प्रांजल,

सध्या गावी जाणारं कुणी नाही. रियाज ईदला मिरजेला जाईल त्याच्याबरोबर हे पाठवीन. तोवर लिहून ठेवतो, नाहीतर परत धीर होणार नाही.

तो प्लॅस्टिकचा कागद तू बंबात घातला नाहीस. तू तो अंगणात फेकलास आणि मी उचलला. माझ्या सूटकेसच्या तळाला कपड्यांखाली घालून इथं आणला. दहा महिने माझ्या कॉटखाली आहे. तुझं नाव लिहिलेली वस्तू टाकून द्यायला हात धजेना.

परवा सात नंबर मिळत नाही म्हणून माझं डोकं फिरलं. म्हटलं, कागदात आहेच की तो, सोडवून काढू. रियाजची इस्त्री घेतली, कड गरम केली, ब्लेडनं प्लॅस्टिक उचकटायला लागलो. प्लॅस्टिक सुटलं, त्याच्याबरोबर कीपरचं अर्धं तोंडही सुटलं. चांदीची पट्टी तर प्लॅस्टिकलाच चिकटून आली. तुझा सात नंबर मी फाडला. दुसऱ्यांदा तुझ्याच कार्डाची माती केली आणि या वेळी वाळवीचं निमित्तसुद्धा नाही.

रियाज माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "भाऊ, ते आता असंच राहू द्या." मी इस्त्री बंद केली.

पप्पा

ओल्ड एअरपोर्ट
बुधवार, २६ मार्च २०२५

प्रांजल,

रियाज उद्या निघतोय. आधीचं पत्र आणि हे, दोन्ही त्याच्याकडं देतो. हे जरा बसून वाच.

सात नंबर मिळाला. नयनाकडं होता, एकच, डबल नाही. म्हणून ती देत नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. लॅमिनेशनचंसुद्धा. तिनं तोंडावर हात ठेवला. सितारा म्हणाली, "या अल्ला, पंद्रह के पंद्रह?" दुसऱ्या दिवशी नयनानं कार्ड आणलं. बदल्यात काही नको म्हणाली. अट एकच, मैदानाच्या दिवसाचा फॉर्म ती स्वतः भरणार, कारण तो इंग्लिशमध्ये आहे आणि मी काहीतरी घाण करून ठेवीन. खरंय तिचं.

फाटकात बसलो. तिनं लिहायला घेतलं. नाव, गाव, शाळा. मग जन्मतारीख. मी म्हटलं, अकरा जानेवारी दोन हजार बारा. तिनं लिहिलं आणि म्हणाली, बरं झालं, चौदा पूर्ण झालेल्या मुलींना घेत नाहीत, अंडर फोर्टीन आहे, अगदी काठावर आलात. काठावर म्हणाली तेव्हा मला सालाचीच शंका आली. म्हणून तुझ्या आईला फोन लावला. विचारलं, "प्रांजलचं साल बाराच ना गं?" अंजना म्हणाली, "अहो, अकरा. जानेवारीत चौदा पूर्ण झाली पोरगी. तुम्ही फोन केलेला की वाढदिवसाला."

केलेला. हॅपी बर्थडे म्हणायला केलेला, आणि माझ्या डोक्यात तेरावा होता.

हे कसं झालं ते मी दोन दिवस शोधत होतो. आज गाडी धुताना सापडलं. तू जन्मलीस तेव्हा मी इथं होतो, पहिल्या करारावर. सुट्टी मिळून आलो ते बारा सालच्या फेब्रुवारीत. तू तेरा महिन्यांची होतीस, आईचं बोट सोडून चालत दारापर्यंत आलीस आणि मला बघून रडलीस. मी तुला तिथनं मोजतोय. मी घरी आलो तेव्हा तू सुरू झालीस, असं माझ्या मनानं धरून ठेवलं. त्याच्या आधीचं एक वर्ष तुझं तू काढलंस, ते मी हिशेबातच घेतलं नाही.

म्हणजे पंधरा कार्डं झाली, आणि त्यांचा तुला काही उपयोग नाही. गेल्या मे महिन्यात तू तेराची होतीस. तो तुझा शेवटचा मोका होता. तुला ते माहीत होतं. म्हणून तू तशी रडत होतीस, आणि मी काय बोललो?

मी पहिल्या पत्रात लिहिलं, काही बोललो नाही. दुसऱ्यात लिहिलं, एखादा शब्द. आता लिहितो. काउंटरसमोर रांगेतल्या सगळ्या पोरींच्या, त्यांच्या आईबापांच्या देखत मी ओरडलो, "पंधरा कागदांसाठी गळा काढतीस? पोरीच्या जातीला क्रिकेट हवंय कशाला? चल घरी." असंच बोललो. तो काउंटरवाला ऐकेना, त्याच्यावरचा राग तुझ्यावर काढला. प्लॅस्टिक अडाण्यासारखं मारलं, ते मी समजू शकतो. पण हे बोलणं अडाण्याचं नव्हतं, वाईट माणसाचं होतं. मला माफ कर, असं म्हणायचंय. फोनवर म्हणता आलं असतं तर तिथं म्हटलं असतं.

कार्डं माझ्याकडंच ठेवलीत. तुझी आहेत, तू सांगशील तसं करतो. नयना अकरा वर्षांची आहे, मे अखेरीला मावशीच्या लग्नाला पुण्याला जातीय, तिला ही चालतील. तिनं तोंडानं मागितलं नाही. फॉर्म फाडायच्या आधी तिनं विचारलं फक्त, "विल शी बी ओके?" मी म्हटलं, इन्शाल्ला.

उत्तर नाही दिलंस तरी मी समजून घेईन. हे आता रागानं लिहिलेलं नाही.

पप्पा

ओल्ड एअरपोर्ट
शुक्रवार, २ मे २०२५

प्रांजल,

रियाज आला. आल्या आल्या बॅग न सोडता म्हणाला, "भाऊ, आधी चटणीचा डबा उघडा." तुझी चिठ्ठी सापडली. मी ती एवढ्यांदा वाचलीय की तोंडपाठ झाली. तरी इथं उतरवून काढतो, मला बरोबर समजलंय ना ते तू बघ.

"पप्पा, पंधराही नयनाला द्या. तिला सांगा पट्टीला बोट लावू नको, घाम लागला की काळी पडते. साबणाचा व्हिडिओ मी शाळेत सगळ्यांना दाखवला. मी तालुक्याच्या टीममध्ये कीपर आहे, तुम्हाला सांगू नको असं आईला म्हटलेलं. १८ मेला रविवारी विट्यात मॅच आहे. माझा कागद तुमच्याकडं आहे हे मला तेव्हाच माहीत होतं, तुम्ही उचलताना मी खिडकीतनं बघितलं. तो मला पाहिजे. त्यातलं प्रत्येक कार्ड कुणाकडनं घेतलं ते मला अजून आठवतंय. सात नंबर फाटला तर फाटला, कीपर मी आहे. कागद कुणाच्या बॅगेतनं पाठवायचा नाही. स्वतः घेऊन या. प्रांजल."

कार्डं नयनाला दिली. मागल्या सीटवर जाऊन तीनदा मोजली तिनं. पट्टीचं सांगितलं तर म्हणाली, "आय नो, अंकल." तरी लगेच बोटं स्कर्टला पुसली. सिताराला डोळे पुसायला काय झालं काय माहीत.

आता माझं. शाळा चालू असताना ड्रायव्हरला सहज सुट्टी मिळत नाही, सुपरवायझरनं पहिल्या फटक्यात नाही म्हटलं. मग मी उमैरकडं गेलो. उमैर बदली ड्रायव्हर आहे, ठरलेला रूट नसतो त्याला. त्याला म्हटलं, तू मे महिन्यात आठ दिवस माझी बस चालव, मी बकरीदला शाळा बंद असताना कंपनीच्या ज्या गाड्या चालतात त्यावरची तुझी सगळी ड्युटी करतो. तो म्हणाला, आठ दिवसांना ईदचे चार दिवस? मी म्हटलं, आणि बकरीदच्या पुढचे दोन शुक्रवार. तो म्हणाला, यल्ला, म्हणजे चला, झालं. नयनाला सांगितलं तर मान हलवून म्हणाली, "गुड ट्रेड."

पंधराला निघतोय. कागद हातातल्या पिशवीत घेणार, दोन पुठ्ठ्यांच्या मधे, मोठ्या सामानात नाही. तुझी चिठ्ठी पाकिटात आहे, चौपदरी घडी घातलेली. कोपरे आत्ताच मऊ पडलेत, पडू देत. प्लॅस्टिक लावलेलं नाही.

सुट्टीच्या फॉर्मवर कारण लिहायचा एक रकाना असतो. तेरा-चौदा वर्षं मी तिथं "फॅमिली" एवढंच लिहीत आलो. काल सुपरवायझरच्या टेबलावर बसून लिहिलं: मुलगी, प्रांजल, वय चौदा, कीपर.

पप्पा